नंदा, गोळ्या आल्या आहेत

नंदा, काल दवाखान्यातला शिपाई निरोप घेऊन आला. मी नुकतीच शाळेतून आले होते, पायातली चप्पलही काढली नव्हती. तो दारातूनच म्हणाला, "बाई, तुमच्या सुनेच्या गोळ्या आल्यात. सिस्टर म्हनल्या, लवकर घेऊन जा, पुन्हा संपत्याल." नवीन माणूस आहे, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, सून वारली. तो ताडकन उठून उभा राहिला. खाली बघत, विचारू का नको असं करत म्हणाला, "मग सिस्टरला काय सांगू? परत घ्यायच्या का त्या?"

तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "ठेवा. दुसरं कुणी तरी लागेलच."

भेटायला बायका अजून येतात. येतात आणि म्हणतात, गुणाची होती, गरीब गाय होती. मी मान हलवते. तू गाय नव्हतीस नंदा. तू हट्टी होतीस, उलट बोलायचीस, भाकरी जाड थापायचीस आणि दुसऱ्यांचे फोन कान देऊन ऐकायचीस. ह्या बायकांना मी हे सांगत नाही. त्यांनी आपापल्या मनानं एक वेगळीच सून तयार केली आहे आणि तिच्यासाठी त्या रडतात.

लग्नाला महिना झाला नसेल, सकाळी अंगणात हंडा उचलता उचलता तू पडलीस. काशिनाथ भावजी शेजारच्याच घरातून धावत आले आणि त्यांनी तुझ्या नाकाला चप्पल लावली. मी कांदा फोडून आणला. संगमेश, तुझा नवरा, माझा लेक, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला पुढं व्हायला जमलं नाही. तू शुद्धीवर आलीस तेव्हा आधी डोक्यावर पदर ओढलास आणि विचारलंस, "आत्या, कुनी कुनी बघितलं?" लागलं किती, हे तू बघितलंच नाहीस. कोपरातून रक्त येत होतं.

भावजी म्हणाले, "वैनी, फसवलं आपल्याला. उद्याच्या उद्या नांदूरघाटला नेऊन घाला." आणि मी खरंच तुला तुझ्या पिशवीसकट नांदूरघाटला, तुझ्या माहेरी, घेऊन गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते. सगळी वाक्यं एसटीत बसून मनात जुळवली होती. पण तुझे वडील मान वर करेनात. खालीच बघत म्हणाले, "लई दवाखाने केले बाई. एका डाक्टरनंच सांगितलं, लगीन करून टाका, आपोआप जातंय. आमी अडाणी, आमाला खरं वाटलं." माझं भांडण तिथंच अडलं. डॉक्टरवर विश्वास ठेवला म्हणून माणसाला काय बोलायचं?

तू चौकटीला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "मी म्हनले होते, सांगा त्यान्ला. माजं कुनी ऐकतं का?" आणि मग थेट माझ्याकडं बघून, "आत्या, हितं ठेवलं तर जन्म गोठ्यात जाईल. तिकडं निदान फोन तरी हाय."

फोन! आपल्या दुकानात संगमेशनं तेव्हा नुकतीच एसटीडीची केबिन टाकली होती. काचेचं दार, पिवळी पाटी, आत लाल आकडे पळणारं मीटर. लग्नाच्या गडबडीत तुझं लक्ष त्या केबिनवर गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तुला परत घेऊन आले. लोक म्हणाले, बाईंचं मन मोठं. मन वगैरे काही मोठं नव्हतं. ह्यांच्या माघारी घरात मला सरळ तोंडावर बोलणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि तू बोललीस.

बीडला नेलं ते कुणीतरी सांगितलं म्हणून. रांगेत उभं राहून पाय सुजले. डॉक्टर वयस्कर होते, थकलेले दिसत होते. मी सवयीनं सांगायला सुरुवात केली, तिला असं होतं, तिला तसं होतं. त्यांनी हात वर केला. "बाई, तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." आणि तुला विचारलं, "यायच्या आधी काही कळतं का?"

तू म्हणालीस, "जळक्या दोऱ्याचा वास येतो. मग लांबून कुनी हाक मारल्यागत होतं."

मी तुझ्याकडं बघतच राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "कुनी इचारलंच न्हाई."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. ह्याला अपस्मार म्हणतात, हा डोक्यातल्या मेंदूचा आजार आहे, ह्यात देवाचं काही नाही आणि लाजेचंही काही नाही. रोज एक बारीक पांढरी गोळी, फिनोबार्ब तिचं नाव. मला विचारल्याशिवाय सोडायची नाही. गोळ्या तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रातच फुकट मिळतील, तशी चिठ्ठी देतो. येताना एसटीत तू ती गोळी तळहातावर घेऊन बघत होतीस. "एवढीशीच?" म्हणालीस. खिडकीकडं तोंड करून रडलीस. ही एवढीशी गोळी मिळाली नाही म्हणून तुझी शाळा सुटली होती, जत्रा बंद झाली होती, मैत्रिणी तुटल्या होत्या. मला रडायला आलं नाही, संताप आला. तो तेव्हा आला तो अजून गेलेला नाही.

आणि मग तुझे चांगले दिवस आले. हे मला लिहायलाच पाहिजे, नाहीतर मीही त्या बायकांसारखीच तुला नुसती बिचारी करून टाकीन. फिट थांबली. तू केबिन ताब्यात घेतलीस. पुण्याला, मुंबईला, कारखान्यावर गेलेल्या माणसांना फोन लावून द्यायचीस. ज्यांना नंबर वाचता येत नाही त्यांचे नंबर तुला पाठ झाले. कोणाची लेक सासरी खूश आहे, कोण कोणाला टाळतंय, सगळं तुला ठाऊक. रात्री जेवताना मला सांगायचीस आणि वर म्हणायचीस, "आत्या, तुमी बाहेर बोलू नका बरं." दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लागल्या, थंड पेयाच्या बाटल्यांचा फ्रीज आला, भावजींच्या घरी केबल आली. तू म्हणायचीस, आता आपल्या गावात काय मिळत नाही ते सांगा.

एक गोष्ट मिळत नव्हती, नंदा. ती गोळी.

पहिल्यांदा संपल्या तेव्हा सिस्टर म्हणाली, "वरून आल्या नाहीत." पुढच्या आठवड्यात तेच. मी धारूरच्या बाजारात औषधांची दुकानं फिरले. काचेच्या कपाटात ताकदीची औषधं, उंची वाढायची पावडर, केस वाढायचं तेल. दुकानदार म्हणाला, "ती गोळी ठेवत न्हाई बाई. त्याची कागदपत्रं लई आन सुटतं काहीच न्हाई. त्याच्याऐवजी कंपनीची दुसरी चांगली देऊ का?" मी बीडला जाऊन गोळ्या आणेपर्यंत तू केबिनमध्ये पडलीस. काचेचं दार आतून अडलेलं, बाहेर माणसं जमलेली. तुझ्या हाताला रिसीव्हरची वायर गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही. आलेल्या एकानं रिसीव्हर धोतराच्या सोग्यानं धरला. एका बाईनं विचारलं, "दुसरा फोन न्हाई का?" तुझ्या ओठाला टाके होते, नीट बोलता येत नव्हतं. तरी तू म्हणालीस, "ह्याच फोनवर लावायचा असंल तर लावा. न्हाईतर जा धारूरला चालत." मी दुकानाच्या आतल्या खोलीत वह्या तपासत होते. माझा हात थांबला. वाटलं, उठावं आणि हिला मिठी मारावी. आपल्यात तशी पद्धत नव्हती. मी तुला चहा करून दिला.

आठ-पंधरा दिवसांत लोक परत यायला लागले. दुसरा फोन गावात नव्हताच.

नवा डॉक्टर आला तो ह्याच सुमारास. पोरगेलासा, कुठल्या तरी शहरातला. केंद्रात एकटाच. पोलिओचे डोस, साप चावलेले, बाळंतिणी, नसबंदीचं टार्गेट, सगळं त्याच्याच डोक्यावर. वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. संध्याकाळी आपल्या केबिनमध्ये येऊन आईला फोन लावायचा. तू त्याची चेष्टा करायचीस, "डाक्टरसाहेब आईला इचारतेत, वरनात हिंग कवा घालायचा."

तुला दिवस गेले तेव्हा आपण त्याच्याकडंच गेलो. तू किती खूश होतीस! त्यानं तपासलं आणि चिठ्ठीकडं बघून विचारलं, "ह्या गोळ्या घेताय? ह्या बंद करा. बाळात व्यंग येऊ शकतं."

मी म्हणाले, "डॉक्टर, मागं गोळ्या सुटल्या तेव्हा ती पडली होती. ओठ फाटला होता तिचा."

"आई, तेव्हा पोटात बाळ नव्हतं. आता दोन जीव आहेत."

मी म्हणाले, बीडच्या डॉक्टरांना विचारून मगच ठरवू. त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली, बाहेर रांग होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आपण बीडला गेलो. ते वयस्कर डॉक्टर बदलून गेले होते. त्यांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. नवीन कधी येणार, कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या खोलीतल्या डॉक्टरनं चिठ्ठी हातात न घेताच सांगितलं, बाळंतपणाच्या खोलीत दाखवा. तिथल्या बाईंनी सांगितलं, फिटचं फिटवाल्यांना विचारा. संध्याकाळपर्यंत आपण दोघी त्या आवारात ह्या दारातून त्या दारात फिरलो, आणि शेवटची एसटी पकडली.

भांडण एसटीतच सुरू झालं. मी म्हणाले, कळेपर्यंत गोळ्या चालू ठेव. तू म्हणालीस, "आत्या, मला माज्या लेकराची धाई बोटं धड पायजेत. मला जे भोगावं लागलं ते त्याला नको." मी म्हणाले, तू राहिलीस तर लेकरू राहील. तू म्हणालीस, "डाक्टर शिकलेले हायत. तुमीच म्हनता ना, शिकलेल्याचं ऐकावं?"

हो, म्हणत होते मी. जन्मभर वर्गात उभं राहून तेच म्हणत आले.

तू गोळ्या बंद केल्यास. संगमेशही तुझ्याच बाजूचा. आठवडा गेला, काही झालं नाही. तू केबिनच्या दारात उभी राहून मला डिवचायचीस, "बघा, काय झालं का? उगीच भेव घालता." मी म्हणायचे, "जिभेला हाड नाही तुझ्या." तसं ते भांडण चालूच राहिलं. जेवताना, कपडे वाळत घालताना, देवाला विभूती लावताना. मला ते जिंकायचं होतं, तुलाही. नंदा, मी जिंकले. माझ्यावर फार राग आहे ना तुझा? माझाही तुझ्यावर आहे. तू माझं ऐकलं नाहीस. हे मी कुणाजवळ बोलू शकत नाही. गेलेल्या पोटुशीवर कुणी रागावतं का? मी रागावते. रोज, शाळेत फळा पुसताना, अचानक.

त्या दिवशी रविवार होता. दुपारी तू गव्हाचं निवडण घेऊन बसली होतीस. मान वर केलीस आणि म्हणालीस, "आत्या, वास येतोय." तेवढंच. मी तुला आडवं केलं, डोक्याखाली साडी घातली, कुशीवर वळवलं, जसं त्या बीडच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. पहिली फिट थांबली. तू डोळे उघडायच्या आधीच दुसरी आली. मग तिसरी. मग मोजणं सुटलं.

संगमेशनं आणि भावजींनी तुला बाजेवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर होता. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की तो घाबरला आहे. इंजेक्शन पाहिजे होतं. ते कपाटात होतं आणि किल्ली ज्याच्याकडं, तो माणूस त्याच्या गावी गेला होता. संगमेशनं दगडानं कुलूप तोडलं. एकेकाळी अंगणात भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला माझा लेक, त्यानं दगडानं कुलूप तोडलं. आत कापसाची बंडलं होती, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या होत्या, रिकाम्या खोक्यांची चळत होती. इंजेक्शन नव्हतं.

दवाखान्याची गाडी कुणा साहेबांच्या दौऱ्याला गेली होती. काळीपिवळी जीप मिळाली, बीडकडं निघालो. घाट उतरताना तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर सोबत आला होता, पुढं बसून मागं वळून सारखं तुझी नाडी बघत होता. वडवणीच्या अलीकडं त्यानं नाडीवरचा हात काढला नाही, पण बघायचं थांबवलं. मी ड्रायव्हरला म्हणाले, तरी चला. तो कुठवर जाऊ म्हणाला. 

आपल्याकडच्या रीतीनं तुला माती दिली. त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टर घरी आला. बूट बाहेर काढून दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "मी माझ्या सरांना फोन केला होता. ते म्हणाले, ह्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. गरोदरपणातही लक्ष ठेवून चालू ठेवतात. मला... मला कॉलेजात एवढंच आठवत होतं की बाळाला धोका असतो."

मी विचारलं, "हा फोन कुठून केलात?"

त्याला प्रश्न कळला नाही. "इथूनच. तुमच्या केबिनमधून."

"रोज संध्याकाळी तिथूनच आईला फोन लावत होतात. तो लावून कोण देत होतं?"

तो रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही आणि हाकललंही नाही. पुढच्या शिक्षणाला त्याचा नंबर लागला आहे असं ऐकते. जाईल, शिकेल, मोठा होईल. ज्याला माझ्या सुनेवरून हे समजलं तो तर आपल्या गावातून चालला, आणि आता त्याच खुर्चीवर तसाच कुणी नवा येईल.

मग चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "पेशंट गोळ्या नियमित घेत होती का?" मी म्हणाले, नव्हती, कारण तुमच्याच दवाखान्यानं बंद करायला सांगितल्या. त्यांनी लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं, "औषधोपचारात अनियमितता." मी म्हणाले, हे मी बोलले नाही. ते म्हणाले, "बाई, सरकारी भाषेत असंच लिहितात." मी सही केली नाही. त्यांनी भावजींची घेतली.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायलाच बसले होते.

भावजींनी संगमेशसाठी स्थळ आणलं. तुझ्या जागी, इतक्यात. संगमेश नाही म्हणत होता, मग गप्प बसला. पुरुष गप्प बसले की घरात त्याला होकार धरतात. केजकडचं घर, चांगली माणसं, आपल्यातलीच, छोटं किराणा दुकान. जाताना जीपमध्ये भावजींनी मला दोनदा बजावलं, "वैनी, इचारलं तर बाळंतपणात गेली म्हना. फिटचं नाव काढू नका. आपल्या घरानं आजारी पोरगी केली होती म्हनल्यावर कोन देतंय?"

मुलगी आली, पोहे ठेवून गेली. मान खाली, हातात बांगड्या नवीन. तिच्या आईनं मला विचारलं, "आधीच्या कशानं गेल्या वो?"

भावजी म्हणाले, "बाळंतपनात."

मी ताटली खाली ठेवली. म्हणाले, "तिला फिट यायची. गोळी घेतली की यायची नाही. डॉक्टरनं गोळी बंद करायला सांगितली, म्हणून ती गेली. पोटात बाळ होतं."

 मुलीच्या वडिलांनी पंख्याकडं बघितलं. भावजींचा चेहरा काळा पडला. संगमेशनं मात्र मान वर केली आणि त्या लोकांकडं बघून म्हणाला, "नंदा नाव होतं तिचं." इतक्या दिवसांत त्यानं तुझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पोहे तसेच राहिले. निरोपाचे शब्द झाले, कळवतो म्हणाले. कळवणार नव्हते, ते सगळ्यांनाच समजलं होतं. भावजी जीपकडं जाताना म्हणाले, "घर बुडवलंत वैनी."

मी चपला घालत होते. मुलीची आई मागून आली. दार थोडं लोटून घेतलं आणि माझ्या जवळ सरकली.

"ती गोळी कोनती म्हनलात?"

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, चुकली, मी पुन्हा सांगितलं. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. आतल्या दाराच्या फटीत ती मुलगी उभी होती. नव्या बांगड्यांचा हात चौकटीवर होता.

"रोज घ्यायची?"

"रोज. सोडायची नाही."

"लगीन झाल्यावर, दिवस गेल्यावर?"

"तरी सोडायची नाही. डॉक्टरांना विचारायचं."

तिनं मान हलवली. जायला वळली, आणि पुन्हा थांबली. बाहेर भावजी हॉर्न वाजवायला लावत होते.

"आन बाई," ती म्हणाली, "डाक्टरनीच सोडा म्हनलं तर?"

नंदा, मी त्या बाईसमोर उभी राहिले. तू असतीस तर तुझ्याकडं बघितलं असतं; तोंडावर सरळ बोलणारी तूच होतीस.